माळ्यावरचा राऊटर आणि वहिनीची मागची खोली

"अगं, तुझी वहिनी रोज बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून ऑफिसचं बोलते, बरं दिसतं का हे?" मावशीचा फोन असा सुरू झाला. तक्रार नेटची नव्हतीच, स्टुलाची होती. घरात येणारे-जाणारे असतात, सासरे बाथरूमला जायचं म्हणून पॅसेजमध्ये ताटकळतात आणि वहिनी हेडफोन लावून हाताने "दोन मिनिटं" अशी खूण करते. स्टूल तिथेच का, तर मागच्या खोलीत वायफाय येत नाही आणि हॉलमध्ये टीव्ही चालू असतो, म्हणून मधली जागा.

मी ऐरोलीला एका ऑफिसात सपोर्टला आहे, दिवसभर "नेट चालत नाही" हेच ऐकते, त्यामुळे घरच्यांचा समज असा की भिंतीतून वायर बाहेर आली की ती काय म्हणते ते मला कळतं. रविवारी ठाण्यात नौपाड्यातून निघाले, घोडबंदर रोडचं काय सांगायचं, सकाळीही जायचं तेवढा वेळ जातोच. पोचेपर्यंत काकांनी खुर्च्या बाजूला करून ठेवल्या होत्या, जणू काही ऑपरेशनच होणार आहे.

मावशीचं घर कासारवडवलीला, सतरावा मजला, ३ बीएचके, पण लांबोळकं. दारातून आत आलं की चपलांच्या कपाटावर भिंतीत एक छोटा बॉक्स, त्यात फायबर येतो आणि कंपनीने दिलेला ओएनटी बसवलेला, म्हणजे तोच मोडेम, तोच राऊटर, तोच वायफाय. मग हॉल, मग पॅसेज, दोन बेडरूम आणि शेवटी वहिनीची खोली. दादा सोमवार ते शुक्रवार पुण्यात, म्हणून ती खोलीच तिचं ऑफिस. प्लॅन २०० एमबीपीएसचा. ओएनटीच्या शेजारी उभं राहिलं की १९० च्या वर येतात, म्हणजे बाहेरून येणारं नेट ठणठणीत होतं. हे आधी बघायलाच हवं, नाहीतर लोक प्लॅन वाढवत बसतात आणि मागच्या खोलीत ३०० चा प्लॅनही तेवढाच मरतो.

फोनवर वायफाय ॲनालायझर टाकून घरभर फिरले. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि सिग्नलची ताकद मोजतात डीबीएममध्ये. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ४५ डीबीएम, पॅसेजच्या तोंडाशी उणे ६६, वहिनीच्या खोलीत उणे ८५ आणि टेबलाशी बसलं की नावच गायब. २.४ वाला तिथे उणे ७५ ला लोंबकळत होता. हे आकडे वाचायची साधी रीत म्हणजे १० ने खाली गेलं की ताकद दहावा भाग उरते. उणे ४५ वरून उणे ८५ म्हणजे ४० ने खाली, म्हणजे दहा हजारावा भाग. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६७ च्या आसपास तरी हवं असं धरतात, आणि बाथरूमचं दार बरोब्बर त्या रेषेवर होतं! वहिनीने कुठलंही ॲप न वापरता नुसत्या स्टुलाने जागा शोधली होती, मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "महिनाभर सरकवत सरकवत तिथे आलेय मी."

आता एवढ्याशा अंतरात सिग्नल मरतो कुठे, तर भिंतीत. माझं घर नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये, विटांच्या भिंती, तिथे एकच राऊटर तिन्ही खोल्यांना पुरतो. हे नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये, म्हणजे साच्यात, ओततात, सगळे मिवान म्हणतात त्याला, त्यात आतल्या पार्टिशनसकट सगळी भिंत काँक्रीटची आणि आत सळ्यांची जाळी. खिळा ठोकायला गेलं की खिळाच वाकतो. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीला लवकर हार मानते, २.४ थोडी जास्त चिवट, पण वहिनीच्या खोलीत पोचायला अशा तीन भिंती तिरक्या पार कराव्या लागतात. शिवाय २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची तेवीस नेटवर्क दिसत होती, वरची, खालची, समोरच्या विंगमधली. म्हणजे जे पोचत होतं त्यालाही गर्दीत उभं राहायला जागा नाही.

दादाने मध्ये एक एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे ढकलणारा डबा, ऑनलाइन मागवला होता आणि तो वहिनीच्या टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये लावला होता. पाच दांड्या फुल्ल. नेट मात्र नाही. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता रागही येत नाही, दांड्या दिसतात त्या तुझ्या आणि एक्स्टेंडरच्या मधल्या, एक्स्टेंडरला पुढून काय येतंय ते त्या दांड्या सांगत नाहीत. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही त्याला निरोप्या नेमल्यासारखं. तो पॅसेजमध्ये आणून लावला तर जरा बरं चाललं, पण स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो आणि कॉलमध्ये आवाज तुटतो तो तुटतोच. मेश, म्हणजे घरभर ठेवायचे आपापसात जोडलेले वायफायचे डबे, घ्यायचा का असं काकांनी विचारलं, त्यांनी जाहिरात बघितली होती. मेश चांगला असतो, पण त्याचे डबे आपापसात हवेतूनच बोलणार असतील तर त्यांनाही हीच भिंत आडवी येणार, आणि वायरच ओढायची असेल तर मग मेशला पैसे कशाला. मी विचारलं, "मावशी, चरईतल्या जुन्या घरातला तो काळा राऊटर टाकला की आहे?" मावशी काही टाकत नाही. माळ्यावर, गौरीच्या मखराच्या खोक्याच्या मागे, स्वतःच्या डब्यात, अडॅप्टरसकट निघाला. चारही लॅन पोर्ट, म्हणजे घरातल्या वायरींची भोकं, गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत हे खालच्या स्टिकरवरून मॉडेल शोधून बघितलं, कारण बऱ्याच जुन्या राऊटरवर डब्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि पोर्ट मात्र १०० चेच. अडॅप्टरही त्याच राऊटरचा आहे ना हे बघावं, ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा पिन सारखाच बसतो.

आधी वायर

जुना राऊटर मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा ठरवलं. ॲक्सेस पॉइंट म्हणजे काय तर वायरच्या टोकाला लावलेला वायफाय. मग वायर जाणार कुठून हाच खरा प्रश्न. भिंतीला भोक पाडायचं नाही, सोसायटीचा नियमच आहे, आणि या बांधकामात भिंती बिल्डिंगचं वजन पेलतात त्यामुळे तो नियम बरोबरच आहे. पॅसेजभर पांढरी केसिंग पट्टी मारायला मावशी तयार नव्हती. पण प्रत्येक खोलीत बिल्डरने टीव्हीचा पॉइंट दिला होता आणि सगळ्या पॉइंटची काळी डिशची वायर दाराशेजारच्या त्याच बॉक्समध्ये येत होती. वहिनीच्या खोलीत टीव्ही नाही. म्हणजे भिंतीच्या पोटात पाइप तयार, आत वायरही तयार, तिला ओढून काढायचं आणि तिच्या शेपटीला आपली केबल बांधायची.

इलेक्ट्रिशियन आला तो म्हणाला, "ताई, लाईटच्या पाइपातून टाकतो, दहा मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. २३० व्होल्टच्या वायरींबरोबर नेटची केबल एका पाइपात कधीच घालू नये, एखाद्या ठिकाणी इन्सुलेशन सोललं तर तो करंट थेट राऊटरमध्ये आणि तिथून लॅपटॉपला हात लावलेल्या माणसापर्यंत यायचा. तो जरा नाराज झाला पण ऐकलं त्याने.

केबल मी कॅट ६ ची (कॅट म्हणजे नेटच्या केबलची प्रत) वीस मीटर घेऊन गेले होते. खरं तर घरातल्या या अंतराला कॅट ५ई सुद्धा भरपूर झाली असती, गिगाबिटला ती १०० मीटरपर्यंत चालते. केबल घेताना कॅटपेक्षा आतली तार बघा, स्वस्त बंडलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो, ती पाइपातल्या वळणावर मोडते आणि मग कुठे मोडली ते भिंत सांगत नाही. ब्लेडने जरा खरवडलं की आत पांढरं दिसतं का ते कळतं. आणि टोकाला आरजे४५ चा प्लग लावलेली तयार केबल घेऊ नका, तो प्लग पाइपात जात नाही. आधी केबल ओढायची, प्लग नंतर लावायचा.

काका बॉक्सपाशी स्टुलावर, इलेक्ट्रिशियन वहिनीच्या खोलीत जमिनीवर बसलेला, मी मध्ये पॅसेजमध्ये ओरडायला. काळ्या वायरचं टोक आणि आपल्या केबलचं टोक जरा तिरकं कापून एकमेकांवर ठेवलं आणि वरून इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळला, गाठ मारली नाही, गाठ वळणात अडकते. "ओढ!" दोन मीटर आलं आणि अडकलं. "ढील द्या काका!" काकांनी ढील द्यायच्या ऐवजी ओढलं. मग परत. मावशीने भांडी घासायचा लिक्विड सोप आणून दिला, केबलला जरासा चोळला आणि सरसर निघाली. वहिनीच्या भिंतीतून निळी केबल बाहेर आली तेव्हा मावशी म्हणाली, "बाळंतपणच झालं की गं."

प्लग लावायचा क्रम पाठ आहे, पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना सेम. दोन्ही प्लग क्रिंप केले, वहिनीच्या खोलीतल्या टोकाला आधी नुसता लॅपटॉप लावला आणि स्पीड टेस्ट मारली. ९४. परत मारली, ९३.८. काका खूष, "बघ, चालू झालं की!" मी मात्र खाली बसले. ९४ हा आकडा बघितला की समजायचं की वायर १०० वर चालतेय, कारण १०० च्या लिंकमधून पॅकेटांचा वरखर्च जाऊन हातात एवढंच येतं. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, नारंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतलं काहीतरी बसलेलं नाही. टेस्टर लावला तर एक ते सहा दिवे आले, सातवा नाही, आठवा आला. पांढरा-तपकिरी प्लगमध्ये पूर्ण आत गेलेलाच नव्हता, बाहेरून भिंगाने बघितल्यावर दिसलं की अर्धा मिलिमीटर मागे राहिलाय. प्लग कापून टाकला, नवीन लावला, १९४. एका तारेच्या अर्ध्या मिलिमीटरने निम्मा स्पीड खाल्ला होता, आणि "चालतंय की" म्हणून सोडून दिलं असतं तर कोणाला कधी कळलंही नसतं.

मग माझी चूक

इथपर्यंत शहाणपणा ठीक होता. दुपारचे दोन वाजलेले, मावशीने पानं घेतली होती, आणि मी म्हटलं जेवायच्या आधी नुसतं लावून तर बघू, म्हणून जुना राऊटर आहे तसा, काहीही सेटिंग न करता, केबलला जोडला. लॅन पोर्टमध्ये जोडला, ते बरोबर होतं. बाकी सगळं चूक.

वरणभात कालवेपर्यंत हॉलमधला टीव्ही गोल गोल फिरायला लागला. काकांच्या फोनवर "कनेक्टेड, इंटरनेट नाही". मावशीचा फोन मात्र व्यवस्थित चालू. वहिनीचा आधी चालू, मग बंद, मग चालू. मी लॅपटॉपवर सेटिंगच्या पानाचा पत्ता, १९२.१६८.१.१, उघडला तर ओएनटीचं पान आलं, रिफ्रेश केलं तर जुन्या राऊटरचं. तेव्हा ट्यूब पेटली.

आपण ज्याला राऊटर म्हणतो तो एका डब्यात कोंबलेली चार माणसं असतात. एक बाहेरच्या नेटशी आतल्या घराची गाठ घालून देणारा, हा खरा राऊटर. एक घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला आयपी नंबर वाटणारा, हा डीएचसीपी. एक मागच्या चार-पाच भोकांना एकमेकांशी जोडणारा स्विच. आणि एक वायफायचा अँटेनावाला. ॲक्सेस पॉइंट करायचा म्हणजे शेवटचे दोघे कामाला ठेवायचे आणि पहिल्या दोघांना झोपवायचं, कारण ती दोन्ही कामं ओएनटी आधीच करतोय. मी कोणालाच झोपवलं नव्हतं. घरात नंबर वाटणारे दोन झाले, फोनने नंबर मागितला की जो आधी उत्तर देईल त्याचा नंबर. त्यात दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदातच राखून ठेवलेत आणि त्यातला हा नंबर कितीतरी कंपन्या आपापल्या डब्याला देतात. म्हणजे एकाच विंगमध्ये १७०२ नंबरचे दोन फ्लॅट. डिलिव्हरीवाला ज्या दारात आधी पोचेल तिथे पार्सल देऊन मोकळा, आणि दुसऱ्या १७०२ च्या मागे तर बाहेर जायचा रस्ताच नाही. म्हणून काही फोन चालू, काही बंद, आणि दर पाच मिनिटांनी चित्र वेगळं.

हे असं "कधी चालतं कधी नाही" दिसलं आणि त्याच दिवशी घरात नवा डबा जोडलेला असला, तर दुसरं काही बघायच्या आधी तो डबा काढा. मी ताटावरून उठून केबल काढली, सगळ्यांना वायफाय बंद-चालू करायला लावलं, घर पूर्ववत. मावशी म्हणाली, "आधी जेव."

सेटिंग, सावकाश

जेवण झाल्यावर राऊटर घरापासून पूर्ण तोडला आणि नुसता माझ्या लॅपटॉपला छोट्या केबलने जोडला. जुना पासवर्ड कोणाला आठवणार, रिसेटच्या भोकात काहीतरी टोचून दहा सेकंद दाबायचं होतं, सुई सापडेना, तर मावशीने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. सगळे दिवे एकदम लागून विझले आणि राऊटर कारखान्यातून आल्यासारखा झाला.

काही राऊटरमध्ये ऑपरेशन मोड म्हणून पान असतं, तिथे ॲक्सेस पॉइंट निवडलं की पुढचं बरंचसं आपोआप होतं. असेल तर तेच करा, उगाच हाताने खटाटोप नको. याच्यात नव्हतं. मग हाताने. आधी ॲडमिनचा पासवर्ड बदलला. मग वायफायचं नाव आणि पासवर्ड. मग राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.१.२ केला, सेव्ह केल्यावर पान उडतं, तेव्हा नव्या पत्त्यावर जाऊन परत लॉगिन करायचं. आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. हा क्रम उलटा केला तर तेही चालतं पण लोक तिथेच अडकतात. डीएचसीपी आधी बंद केलं की लॅपटॉपला नंबर देणारा कोणी उरत नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी नंबर घेऊन बसतो आणि राऊटरचं पान उघडत नाही. घाबरून परत सेफ्टी पिन शोधायची गरज नाही, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० असा काहीतरी नंबर दिला की दार उघडतं.

एक गोष्ट ओएनटीवरही करायची होती. तो पत्त्याच्या शेवटी २ पासून २५४ पर्यंतचे नंबर वाटत होता, म्हणजे मी राऊटरला दिलेला २ नंबर उद्या तो पाहुण्याच्या फोनलाही देऊ शकला असता. आज सगळं छान आणि गणपतीत घर भरल्यावर अचानक मागची खोली बंद, असला उशिरा फुटणारा बाँब. ओएनटीच्या पानावर वाटायची सुरुवात २० पासून केली, खालचे नंबर आपल्यासाठी मोकळे.

मग केबल परत जोडली. ओएनटीच्या लॅनमधून निघून जुन्या राऊटरच्याही लॅनमध्ये, चार पिवळ्यांपैकी कुठल्याही एकात. निळं भोक, ज्यावर वॅन लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या नेटचं, ते रिकामं. इथे इलेक्ट्रिशियनचा आणि माझा वाद झाला होता, तो म्हणाला आम्ही नेहमी निळ्यातच टाकतो, चालतं. चालतं हे खरंय. निळ्यात टाकलं आणि डीएचसीपी चालूच ठेवलं, आतला पत्ता वेगळ्या मालिकेतला ठेवला, तर नेट नक्की मिळतं, वहिनीची मीटिंगही झाली असती. पण मग मागची खोली म्हणजे घरात वेगळं घर होतं, त्याची मालिका वेगळी, मध्ये त्या राऊटरची भिंत. काकांचा प्रिंटर हॉलमध्ये आहे, वहिनी मागून प्रिंट द्यायला गेली असती तर लॅपटॉपला तो प्रिंटर दिसलाच नसता, कारण "घरात प्रिंटर कोण आहे" ही हाक त्या भिंतीपलीकडे जात नाही. मावशी स्वयंपाकघरातून फोनवरची कीर्तनं टीव्हीवर टाकते, तिचा फोन मागच्या वायफायला चिकटलेला असला की टीव्ही यादीतून गायब. आणि ही तक्रार आली असती महिनाभराने, तेव्हा तिचा त्या निळ्या भोकाशी संबंध कोणाच्याच लक्षात आला नसता.

नाव-पासवर्डाचं म्हणाल तर मी दोन्हीकडे सेम ठेवलं, सुरक्षा पण दोन्हीकडे डब्ल्यूपीए२, चॅनल मात्र वेगळे. २.४ वर ओएनटीला १ आणि मागच्याला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झच. १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या अंगावर न येता बसतात, मधला ३ किंवा ८ निवडून शहाणपणा केला की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण. ५ वर ओएनटी ३६, मागचा १४९. तिथे जागा भरपूर आहे, २०१८ मध्ये भारतात ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा बिनपरवाना खुला झाला, आणि या घरात काँक्रीटमुळे शेजाऱ्यांचा ५ आत येतच नाही, तेवढा एक फायदा भिंतींचा. मागच्या खोलीत आता उणे ४८.

सेम नाव ठेवलं की फोन आपोआप जवळच्याला उडी मारेल असं सगळे समजतात. मारतोच असं नाही. कोणाला धरायचं ते फोन ठरवतो, राऊटर नाही, आणि काकांचा जुना फोन हॉलमधल्याला असा घट्ट धरून बसतो की वहिनीच्या खोलीत येऊनही सोडत नाही. वहिनीच्या ऑफिसच्या लॅपटॉपने पहिल्या दहा मिनिटांत हेच केलं. मी सेटिंगमध्ये डोकं घालणार तेवढ्यात तिच्या टेबलावरच्या, लॅपटॉप ज्याला जोडते त्या डॉककडे लक्ष गेलं, मागे नेटचं भोक होतंच! जुन्या राऊटरची तीन पिवळी पोर्ट मोकळी, मी म्हटलंच ना की डब्यातला स्विचवाला अजून कामाला आहे. मीटरभर वायर लावली, लॅपटॉपचं वायफायच बंद केलं. एवढा सगळा उपद्व्याप वायफायसाठी आणि ज्या मीटिंगसाठी केला ती चालते वायरवर. वहिनी म्हणाली, "म्हणजे राऊटर नुसता शोभेला?" तसं नाही, फोन, टॅबलेट, रात्री बेडवर पडून बघायचं ते सगळं त्याच्यावरच चालतं.

पुढच्या दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. लाईट गेली तेव्हा ओएनटी छोट्या यूपीएसवर चालू राहिला आणि मागचा राऊटर बंद पडला, हे मला सुचायला हवं होतं, मग त्यालाही एक घेतला. राऊटरच्या लॉगमध्ये तारीख १ जानेवारी १९७० दिसते, कारण याच्या लॅनच्या पानावर गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, लिहायला जागाच नाही, त्यामुळे त्याला स्वतःला बाहेर जाऊन वेळ विचारता येत नाही, बिचारा पन्नास वर्षांपूर्वीच्या काळात सुखाने वायफाय वाटतोय. नुकसान एवढंच की रात्री ठराविक वेळी वायफाय बंद करायची सोय त्याच्यावर चालत नाही. आणि गणपतीच्या पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क हवं असेल तर ते ओएनटीवर चालू करायचं, या जुन्यावर नाही. याच्यावरचं गेस्ट नुसतं नावाचं, आत शिरलेला पाहुणा थेट घरच्या नेटवर्कातच येतो.

स्टूल परत स्वयंपाकघरात गेलं. दिवाळीच्या आधीपर्यंत मला कोणाचा फोन नाही.

मग दिवाळीच्या साफसफाईत आला. मागच्या खोलीत फोन नुसते "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" म्हणून थांबलेत, वहिनीची वायर पण मेली, हॉलमध्ये सगळं व्यवस्थित. मी लोकलमध्ये, दिवा स्टेशनच्या पुढे, आवाज तुटतोय.

"मावशी, टेबल पुसलं का कोणी?"

"पुसलं म्हणजे! सगळं काढून पुसलं, वायरी पण पुसल्या. जशा होत्या तशाच लावल्यात."

"भिंतीतून येणारी निळी वायर कुठल्या भोकात आहे?"

"निळी आहे म्हणून निळ्यात लावली."

आता याला काय म्हणणार, मीच निळी केबल आणली होती. निळ्यात गेली की राऊटर झोपेतून उठतो, समजतो आपण परत घराचे मालक, आणि डीएचसीपी तर मी बंद केलेला, त्यामुळे मागच्या खोलीत नंबर द्यायला कोणीच नाही. पिवळ्यात लावायला सांगितली, अर्ध्या मिनिटात चालू.

भाऊबीजेनंतर गेले तेव्हा मी खास चिकटपट्टी नेली होती, निळं भोक बंद करून टाकायला. गरज पडली नाही. निळ्यावर मावशीने तिची मोठी काळी टिकली चिकटवली होती, आणि ज्या पिवळ्यात वायर जाते त्याच्या डोक्यावर लाल.